आधी चव, मग मीठ : सोलमधला सल्लंगथांग कसा खावा

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमधला माझा पहिला जानेवारी. बाहेर उणे अकरा. ऑफिसातले आमचे टीम लीडर मला दुपारी एका जुन्या हॉटेलात घेऊन गेले आणि समोर मातीच्या काळ्या वाडग्यात पांढराशुभ्र रस्सा आला. मी कोल्हापूरची. पांढरा रस्सा म्हटल्यावर नारळाचं दूध, काजू, खसखस, मिरी असं सगळं आधीच जिभेवर आलं. चमचा तोंडात घातला, तर काहीच नाही. साधं मीठसुद्धा नाही. आत कोणीतरी विसरलं असेल म्हणून मी शेजारच्या बरणीतलं मीठ दोन चमचे भरून घातलं, ढवळलं आणि पुढचा अर्धा तास समुद्राचं पाणी पीत बसले. थोरांसमोर पानात टाकायचं नाही, ही घरची शिकवण.

विसरलं कोणीच नव्हतं. हा रस्सा म्हणजेच सल्लंगथांग, आणि तो मुद्दाम अळणी देतात. हाडं रात्रभर उकळणं हे स्वयंपाक्याचं काम; मीठ, पात, मिरपूड, भात, मुळ्याचं लोणचं किती आणि कधी, हे जेवणाऱ्याचं. म्हणजे वाडगा समोर येतो तेव्हा स्वयंपाक संपलेला नसतो. नव्या माणसाची गडबड होते ती इथेच, आणि लेखातला मोठा भाग त्यावरच आहे. बाकी दार कुठे, पैसे कुठे, हे सोपं आहे.

सगळ्यात आधी, हे कशाचं आहे

गाईबैलाच्या हाडांचं. पायाची नळी, गुडघा, कधी डोक्याची हाडं, आणि वर मांसाचे पातळ काप. खायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण न कळता खाल्लं असं कुणाचं होऊ नये. पांढरा रंग बघून 'हे काहीतरी दुधाचं असेल' असं समजून चमचा उचललेले आपले लोक मी पाहिले आहेत. मी स्वतः खाते. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "तिकडं थंडी लई असंल न्हवं?" आमच्यात तो विषय तिथेच मिटला.

तुम्ही खात नसाल, तर वाट वेगळी आहे. 'साम्ग्येथांग' हा कोंबडीचा रस्सा. एक अख्खी लहान कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, लसूण, खारकेसारखं लाल फळ आणि जिनसेंगचं मूळ. कोरियन लोक हा भर उन्हाळ्यात खातात. जुलै-ऑगस्टमध्ये 'बोक' नावाचे तीन कडक उन्हाळ्याचे दिवस असतात, त्या दिवशी साम्ग्येथांगच्या दुकानांसमोर रांगा लागतात. उष्णतेला उष्णतेनेच मारायचं, असा त्यांचा हिशेब. डुक्कर चालत असेल तर बुसान शहराचा 'द्वेजी गुकपाप', म्हणजे डुकराचा रस्साभात आहे. हलाल बघणाऱ्यांनी नेहमीच्या दुकानांत आशा ठेवू नये. सोलची मोठी मशीद इथेवॉनमध्ये आहे आणि हलाल जेवण त्याच भागात मिळतं.

शाकाहारी माणसाला मात्र इथे बसवून ठेवू नका. 'तू नुसता भात आणि लोणचं खा' हेसुद्धा चालत नाही, कारण त्या लोणच्यातही खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. जोग्येसा मंदिराच्या समोरच 'बालू गोंगयांग' नावाचं बौद्ध मंदिर-जेवणाचं ठिकाण आहे, आधी आरक्षण करून जायचं. गंमत म्हणजे सोलमधलं सगळ्यात जुनं सल्लंगथांगचं दुकान तिथून चालत काही मिनिटांवर आहे. तेव्हा नवरा इकडे, बायको तिकडे, आणि तासाभराने चहाला इन्सादोंगच्या गल्लीत एकत्र, असा बेत सहज जमतो. आमच्याकडे पाहुणे आले की मी तोच करते.

नाव कसं उच्चारायचं

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव वाचायच्या भानगडीत पडू नका. तिथे 'ई' आणि 'ओ' शेजारी शेजारी असतात आणि माणूस 'सिओलिओंग' असं काहीतरी बोलून बसतो. तो स्वर आपल्या साध्या 'अ'च्या फार जवळचा आहे. 'सल्लंगथांग' म्हणा, 'थ'वर नीट श्वास सोडा; वाढणाऱ्या बाईंना पहिल्यांदाच कळेल. देवनागरीचा असा उपयोग होईल असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पाटीवर याची भावंडंही दिसतात. 'गोमथांग'मध्ये हाडांपेक्षा मांस जास्त, म्हणून रस्सा नितळ, चव थेट मांसाची. यातल्या 'गोम'चा संबंध मंद आचेवर खूप वेळ उकळण्याशी आहे. पण कोरियनमध्ये अस्वलालाही 'गोम'च म्हणतात, आणि यंत्राने भाषांतर केलेल्या मेन्यूकार्डांवर 'अस्वलाचं सूप' असं छापलेलं सापडतं. घाबरू नका. 'दोगानीथांग' म्हणजे गुडघ्याच्या कूर्चेचा, चिकट आणि लुसलुशीत. ज्याला पायातली नळी ओढायला आवडते त्याला हा आवडणार. 'क्कोरी' म्हणजे शेपूट. तो महाग असतो.

पहिल्या खेपेला साधा सल्लंगथांगच घ्या. बाकीचे त्याच्या तुलनेत कळतात.

नावामागची गोष्ट

सोलच्या पूर्वेला जेगीदोंगमध्ये 'सन्नोंगदान' नावाची शेतीच्या देवतांची वेदी आहे. जोसन या जुन्या राजघराण्याच्या काळात राजा वसंतात तिथे येऊन पूजा करी, स्वतः नांगर धरी, आणि मग बळी दिलेल्या बैलाचा रस्सा मोठ्या कढयांत उकळून जमलेल्या लोकांना वाढत. त्या 'सन्नोंगथांग'चा झाला सल्लंगथांग, असं बहुतेक दुकानांच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. दुसरी व्युत्पत्ती मंगोल भाषेतल्या रश्शासाठीच्या शब्दाकडे जाते. मला दुसरी जास्त पटते, कारण राजाने वाढलेल्या जेवणाची गोष्ट कुठल्याही लोकप्रिय पदार्थाला नंतर चिकटवता येते. पण पहिली गोष्ट सांगायला छान आहे, आणि वेदी आजही आहे. शेजारी छोटं संग्रहालय आणि आवारात एक फार जुना, संरक्षित जुनिपर वृक्ष. मेट्रोच्या लाइन १ वरच्या जेगीदोंग स्टेशनातून चालत जाता येतं.

आपल्याला ऐकून आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट. त्याच जोसन राज्यात बैल कापायला वारंवार बंदी होती. नांगराला बैल हवा, म्हणून. बंदी, चोरून कापणं, पुन्हा बंदी असं शतकानुशतकं चाललं. बैल इतका मोलाचा असल्यावर तो कापला की त्याचं काहीच वाया जाऊ द्यायचं नाही, हाडसुद्धा नाही. हा पदार्थ त्या काटकसरीतून आलाय हे वाडगा समोर असताना लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रंगाचं म्हणाल, तर त्यात दूध नसतं. हाडं आधी गार पाण्यात भिजत घालून रक्त काढून टाकतात, एक उकळी आणून ते पाणी फेकतात, आणि मग नव्या पाण्यात दहा-बारा तास किंवा त्याहून जास्त खळखळून उकळतात. खळखळीमुळे चरबी आणि हाडातून सुटलेला चिकटा पाण्यात एकजीव होतो आणि ते दुधासारखं दिसतं. मंद ठेवलं तर रस्सा नितळ राहील. स्वस्तातली दुकानं दुधाची पूड घालतात अशी कुजबुज कोरियन लोकांतही जुनीच आहे. माझी परीक्षा अशी: दोन-तीन चमच्यांनंतर ओठ एकमेकांना किंचित चिकटायला लागले पाहिजेत. चिकटले तर हाडं खरी.

कुठे आणि कधी

जोंगगाक स्टेशनजवळच्या गल्लीत 'इमुन सल्लोंगथांग' आहे. (पाटीवर नाव जुन्या पद्धतीने 'सल्लोंग' असं आहे, गोंधळू नका.) १९०४ पासूनचं, सोलमधलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून ते ओळखलं जातं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारे, आणि जपानी राजवटीमुळे छातीवर जपानचा झेंडा लावून धावावं लागलेले सोन गीजोंग इथले गिऱ्हाईक होते असं सांगतात. मूळ जागा सोडून दुकान आता जवळच्याच गल्लीत आलंय, त्यामुळे वाडा, कौलं, तुळया अशी काही कल्पना मनात ठेवून जाऊ नका. इथल्या वाडग्यात मांसाबरोबर जीभ आणि प्लीहाही असते. प्लीहा काळपट, थोडी लोखंडासारखी लागते. कलेजी आवडणाऱ्यांना चालेल. नको असेल तर चॉपस्टिकने बाजूला काढा, कुणी रागावत नाही.

दुसरं नाव 'हादोंगग्वान', १९३९ चं, २००७ पासून म्योंगदोंगमध्ये. इथे सल्लंगथांग नाही, नितळ गोमथांग, तोही पितळी वाडग्यात. आत शिरताना आधी पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, मग बसायचं. दिवसाचा रस्सा संपला की दुपारीच दुकान बंद. संध्याकाळी सातला जाऊन बंद दारासमोर उभे राहिलेले पर्यटक मी मोजायचं सोडून दिलंय.

पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा तुमच्या घराजवळच्या किंवा हॉटेलाजवळच्या दुकानातच जा. सोलच्या जवळपास प्रत्येक भागात एखादं असतंच, शाखा असलेल्या दुकानांत चित्रांचं मेन्यूकार्डही असतं. शोधायला गूगलचा नकाशा वापरू नका, कोरियात तो पायी वाट नीट दाखवत नाही. 'नेव्हर मॅप' किंवा 'काकाओ मॅप' घ्या आणि उघडण्याची वेळ तिथेच बघा.

वेळ? बारा ते एक सोडून कधीही. कोरियन ऑफिसं ठीक बाराला जेवायला सुटतात, आणि त्या तासात एकट्या, वाकून मेन्यू वाचणाऱ्या परदेशी माणसासाठी कुणाला सवड नसते. साडेअकराला किंवा दीडनंतर जा. सकाळी नाश्त्यालाही हा खातात, आदल्या रात्री सोजू, म्हणजे इथली दारू, जास्त झालेले तर हमखास. आणि एकटं जायला लाजू नका. मांस भाजून खायच्या दुकानात एकट्याला बऱ्याचदा बसवत नाहीत, किमान दोघांची ऑर्डर लागते. रश्शाच्या दुकानात मात्र निम्मी टेबलं एकट्यांचीच असतात. नव्या शहरात नवीन आलेल्या माणसाला याहून मोठी सोय नाही.

आत गेल्यावर

बूट काढायची वेळ बैठकीच्या जुन्या खोलीतच येते. खुर्च्या-टेबलं असतील तर सरळ बसा. दारात किती जण ते बोटांनी दाखवलं तरी पुरतं. टेबलावर घंटेचं बटण असेल तर दाबा, नसेल तर 'जगीयो' अशी हाक मारा. 'अहो, ऐकलंत का' असा त्याचा भाव, कुणालाही चालतो. वयस्क बाई वाढत असतील तर नेहमीची गिऱ्हाइकं त्यांना 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे मावशी, म्हणजे आईची बहीण. खाणावळीतल्या बाईंना मावशी म्हणणारे आपणच नाही हे कळलं त्या दिवशी मला सोल थोडं कमी परकं वाटलं. मात्र तिशीतल्या मुलीला इमो म्हणू नका. आपल्याकडेही तिशीतल्या मुलीला मावशी म्हटल्यावर काय होतं ते माहीतच आहे.

ऑर्डर: 'सल्लंगथांग हाना जुसेयो.' हाना म्हणजे एक, दुल म्हणजे दोन. पुढे विचारतील 'पोथोंग?' म्हणजे साधा, किंवा 'थुक?' हो, थुक. ऐकताना मराठी माणसाचा चेहरा नको तसा होतो, पण त्याचा अर्थ 'विशेष', म्हणजे मांस जास्त. पहिल्यांदा पोथोंग पुरे. साधा वाडगा आजकाल साधारण १२ ते १५ हजार वॉनला पडतो, आपले आठ-नऊशे रुपये. भात, मुळा, किमची (तिखट-आंबट मुरवलेलं कोरियन लोणचं) त्यातच आलं.

काही जुन्या दुकानांत भात आधीच रश्शात घालून येतो. गार भातावर कढता रस्सा ओतायचा, परत काढून घ्यायचा, परत ओतायचा, असं चारपाच वेळा करून शीत न शीत गरम करतात. याला 'थोरयम' म्हणतात. भात गरम ठेवायची विजेची भांडी नव्हती तेव्हाची ही युक्ती, पण तिने भात रस्सा पितो आणि तरी फुटत नाही. अनुभवायला हवं. पण रश्शाची चव आधी नुसती बघायची असेल, तर ऑर्डर देतानाच 'त्तारो जुसेयो' म्हणा. भात वेगळा, स्टीलच्या झाकणाच्या वाटीत येईल. पहिल्या खेपेला त्तारो मागा. झाकण भाजतं, कागदी रुमालाने धरा. त्या वाट्या सगळीकडे एकाच मापाच्या का, असा प्रश्न पडला तर उत्तर असं की १९७० च्या दशकात तांदूळ वाचवण्यासाठी सोल महापालिकेनेच हॉटेलातल्या वाटीचं माप ठरवून दिलं होतं.

वाडगा यायच्या आधीची पाच मिनिटं

ही वाया घालवू नका. चमचे-चॉपस्टिक टेबलाच्या बाजूच्या खणात असतात. टेबल कोरं दिसलं की नवा माणूस वाट बघत बसतो. पाणी बऱ्याचदा आपणच आणायचं असतं. टेबलावर मातीच्या दोन बरण्या दिसतील. एकीत कोबीची किमची, दुसरीत 'क्काक्तुगी', म्हणजे मुळ्याच्या फोडी तिखट-आंबट मुरवलेल्या. चिमट्याने ताटलीत काढा, पानं लांब असतील तर ठेवलेल्या कात्रीने कापा. हो, जेवणाच्या टेबलावर कात्री. महिनाभरात सवय होते. लागेल तेवढंच काढा. संपलं तर पुन्हा फुकट मिळतं, पण उष्टं परत वापरायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे उरलेलं कचऱ्यात जाणार.

शिवाय मीठ, मिरपूड आणि कांद्याच्या जाड पातीचे गोल काप. ही तीन भांडी हाताशी ओढून ठेवा.

आता खा

पहिले दोन चमचे काहीही न घालता. हे वगळू नका. कोल्हापुरात मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी अळणी रस्सा वाटीत काढून घरातल्या लहान मुलांना आणि आजारी माणसाला देतात. तोच जिभेवर आणायचा. आधी काहीच लागत नाही असं वाटतं. दुसऱ्या चमच्याला मागून एक गोडसर, जाड चव येते. ती ओळखली की मग मीठ किती हवं हे तुमचं तुम्हालाच कळतं. न ओळखता घातलं तर माझ्यासारखं समुद्राचं पाणी.

तिसऱ्या चमच्याआधी पात. भरपूर, मूठभर सुद्धा. रस्सा कढत असतानाच टाकली की ती अर्धवट शिजते, उग्रपणा जातो आणि करकरीतपणा राहतो. मग मीठ, चमच्याच्या टोकावर राहील एवढंच. ढवळा, चाखा, लागलं तर पुन्हा तेवढंच. तीनदा घातलं तरी चालेल, एकदा जास्त पडलेलं काढता येत नाही. आणि लक्षात ठेवा की तोंडी लावायचा मुळा खारट आहे, भात अळणी आहे. म्हणून नुसता रस्सा किंचित कमी खारटच ठेवायचा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना याहून सोयीचं हॉटेल सापडणं कठीण. मिरपूड शेवटी, चिमूटभर.

तळाशी पांढऱ्या शेवयांची एक गुंडाळी असेल. त्या आधी संपवा. फुगतात, आणि थोड्या वेळाने रश्शाची खीर होते. या शेवया मूळच्या नव्हेत. १९६० आणि ७० च्या दशकांत तांदूळ कमी पडत होता, तेव्हा सरकारने लोकांना गहू खायला लावण्याची मोहीम काढली, हॉटेलांना भातात दुसरं धान्य मिसळायला लावलं, आणि रश्शात गव्हाच्या शेवया आल्या. तांदळाची टंचाई संपली, शेवया राहिल्या. आता त्या नसल्या तर गिऱ्हाईकच तक्रार करतं. जास्त हव्या असतील तर 'सारी' मागायची. गहू चालत नसेल तर मात्र ऑर्डर देतानाच सांगा.

मांसाचे काप रश्शातून काढून ताटलीत घ्या, किमचीच्या पानात गुंडाळून खा. काही ठिकाणी सोया सॉस आणि व्हिनेगरची वाटी येते, त्यात बुडवा. सगळं मांस सुरुवातीलाच संपवू नका, भाताला तोंडी लावायला दोन-तीन काप ठेवा.

अर्धा रस्सा उरला की भात. एकदम सगळा उलटा करू नका. निम्मा घाला, चमच्याने सैल करा, मिनिटभर थांबा. आता चमच्यात भात आणि रस्सा, वर मुळ्याची एक फोड. कढत, मऊ आणि चिकट अशा घासात तो गार, करकरीत, आंबट मुळा दाताखाली फुटतो. हे जेवण या एका घासासाठी आहे. दुकान चांगलं की वाईट, हे मी रश्शापेक्षा मुळ्यावरून ठरवते. मुळा बेचव असेल तर रस्सा कितीही वेळ उकळलेला असो, मी परत जात नाही.

शेवटच्या एक तृतीयांशाला आणखी एक खेळ आहे. क्काक्तुगीच्या बरणीतलं लाल पाणी दोन-तीन चमचे रश्शात घालायचं. पांढरा रस्सा गुलाबी होतो, आंबट-तिखट होतो. हादोंगग्वानमध्ये तर त्या पाण्याची किटलीच घेऊन फिरतात. जुने खवय्ये यावर भांडतात. काहींच्या मते बारा तासांच्या मेहनतीवर हे पाणी ओतणं म्हणजे पाप. मी ओतते. जन्मभर तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से एकाच ताटात खाल्लेल्या माणसाला हा वाद कळत नाही. मात्र हे शेवटीच करा, पांढरा रस्सा परत पांढरा होत नाही.

रस्सा कमी पडला तर 'गुंगमुल द जुसेयो' म्हणून बघा. बऱ्याच ठिकाणी थोडा वाढतात, काही ठिकाणी नाही म्हणतात. नाही म्हटलं तर हसून सोडून द्या.

पाळायचे थोडे रिवाज

वाडगा उचलून तोंडाला लावायचा नाही. जपानमध्ये चालतं, इथे वाडगा टेबलावरच राहतो आणि चमचा तोंडाकडे येतो. भात आणि रस्सा चमच्याने. शेवया, मांस, लोणचं चॉपस्टिकने. त्या चपट्या धातूच्या चॉपस्टिक सुरुवातीला निसटतात. चमच्याने काम भागवलं तर कुणी बघत नाही, फक्त हाताने खाऊ नका. चमचा भातात उभा रोवून ठेवू नका, ते पितरांच्या नैवेद्याला करतात. सोबत वयाने मोठा माणूस असेल तर त्याने चमचा उचलेपर्यंत थांबा, त्याला पाणी दोन्ही हातांनी ओता. गरम आणि तिखटाने नाक वाहायला लागलं तर टेबलावर शिंकरू नका, उठून बाजूला जा. सू सू आवाज करत रस्सा ओढलात तर हरकत नाही, कढत असल्यावर सगळेच ओढतात.

निघताना

बिल टेबलावर येत नाही. चिठ्ठी असेल ती घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं. कार्ड चालतं. टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून कुणीतरी रस्त्यापर्यंत धावत येईल. मोठ्यांबरोबर गेलात तर पैसे बहुतेक तेच देतात. गल्ल्यासमोर ओढाताण करण्यापेक्षा नंतरची कॉफी तुम्ही पाजा. निघताना 'जाल मगस्सुम्निदा', म्हणजे छान जेवलो, एवढं म्हणा. आतून कढईमागून उत्तर येतं.

गल्ल्याजवळ याच रश्शाची बंद पाकिटं विकायला असतात, आणि किराणा दुकानांत 'सागोल' नावाच्या चवीच्या शेवयांचे कप. सागोल म्हणजे गाईबैलाच्या पायाची हाडं. गावी भेट म्हणून कोरियन शेवया नेणाऱ्यांनी हा शब्द आणि 'सोगोगी' हा शब्द पाकिटावर फोनने भाषांतर करून तपासावा. वेष्टनावर हिरव्या पातीचं चित्र असलं म्हणून आत पात नसते. एकदा मावसभावाला दिलेलं अख्खं खोकं मीच आठ दिवसांनी फोन करून परत मागवलं, त्याने तोवर ते त्याच्या वारकरी सासऱ्यांना देऊन टाकलं होतं. सुदैवाने त्यांनी उघडलं नव्हतं.

दाराशी चपलांच्या कपाटाशेजारी बहुधा कॉफीचं छोटं यंत्र असतं. बटण दाबलं की कागदी कपात दोन घोट गोडमिट्ट दुधाळ कॉफी येते. फुकट असते. ती घेऊनच बाहेर पडा.